रेशमी कानांचा शिकारी

आमच्या घराण्याची वंशावळ पणजोबांपाशी येऊन थांबते. त्यांच्या पलीकडे कोण कोण होऊन गेले ते त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत असेल तर असेल, आमच्या माहितीत नाही. आमच्या बंड्याची गोष्ट निराळी. तो घरी आला तेव्हा त्याच्याबरोबर एक जाड कागद आला, आणि त्या कागदावर त्याचे आईबाप, आजे-पणजे, खापरपणजे असे सगळे ओळीने मांडलेले होते. त्यांतल्या कितीतरी नावांमागे तांबड्या शाईत 'चॅम्पियन' असे छापलेले. एवढ्या थोर कुळातला जीव तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कसा राहणार, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. त्याला मात्र लागली, माझ्याच उशीवर.

बंड्या जातीने इंग्लिश कॉकर स्पॅनियल. अंगावर सोनेरी केस, कान इतके लांब की पाणी पिताना ते आधी भिजत आणि मग सगळ्या घरभर शिंपडले जात. एका प्रदर्शनात त्याला तिसरा क्रमांक मिळाला आणि आम्ही सगळे हुरळून गेलो. त्यानंतर त्याच्याकडे कोणाचे काम उरले नाही, आणि त्याच्याजवळही करायला काही उरले नाही. दोन वर्षांचा होईतो त्याचे वजन अठरा किलो झाले. या जातीचा कुत्रा तेरा ते साडेचौदा किलोंचा असावा असे प्रदर्शनाचे नियमच सांगतात. रिकामे मन आणि भरलेले पोट यांचा जो परिणाम माणसावर होतो तोच त्याच्यावर झाला. चपला पळवायच्या, सोफ्याखाली नेऊन ठेवायच्या, आणि कोणी हात घातला की गुरगुरायचे. एके दिवशी तो आमच्या कन्येवर असा गुरगुरला की ती रडत बाहेर आली. त्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी निर्वाणीचे सांगितले, "दिवाळी झाली की याची दुसरीकडे सोय बघा. मला पोर महत्त्वाची आहे."

यावर काय बोलणार? त्यांचे म्हणणे खरेच होते.

दिवाळीत फटाक्यांनी तो पलंगाखाली थरथरत बसतो, म्हणून त्या वर्षी आम्ही सुरगाण्याला गेलो. आमचे मेहुणे तिकडे शाळामास्तर आहेत. दिंडोरी, वणी ओलांडून गाडी डोंगराला लागली की नाशिकचा गोंगाट मागे राहतो. सुरगाणा एके काळी लहानसे संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. पलीकडे गुजरातचे डांग, अलीकडे हातगडाचा किल्ला, आणि मधे साग, नागलीची शेते नि भातखाचरे. वस्ती मुख्यतः कोकणा, वारली, महादेव कोळी यांची. आम्ही पोहोचलो तो दिवस वसुबारसेचा. पण तिकडे गाईबरोबर वाघाचीही आठवण ठेवतात आणि त्या दिवसाला वाघबारस म्हणतात. गुराखी मुले वाघदेवाची पूजा करून प्रसाद वाटीत होती. कन्येला मोठी मौज वाटली. "मामा, इथे खरंच वाघ येतो?" तिने विचारले. मास्तर म्हणाले, "वाघ नाही गं, बिबट्या येतो. आणि त्याला कुत्रा फार आवडतो."

हे वाक्य मी ऐकले आणि विसरलो. संध्याकाळी बंड्याचा पट्टा सोडला, कापणी झालेल्या खाचराच्या बांधावरून तो दहा पावले चालला, मग नाक जमिनीला लावले, शेपटीचा बुंधा जोरजोराने हलू लागला, आणि पाहता पाहता तो उतारावरच्या गवतात दिसेनासा झाला.

मी हाका मारल्या. मास्तरांनी मारल्या. सौ. आणि कन्या दोन बाजूंनी ओरडू लागल्या. अंधार पडत होता. शेजारचे एक वृद्ध शेतकरी बॅटरी घेऊन आले. त्यांनी आमचा गलका थोडा वेळ ऐकून घेतला आणि मग शांतपणे म्हणाले, "साहेब, ओरडू नका. चार बाजूंनी हाका आल्या तर त्यानं जायचं कुठं? तुमच्या अंगातलं काही कापड इथं टाका आणि गप बसा."

मी स्वेटर काढून बांधावर टाकला. थंडीत कुडकुडत आम्ही दीड तास बसलो. त्या दीड तासात सौ. एक शब्द बोलल्या नाहीत. सोय बघा म्हणणाऱ्या त्याच. पण बॅटरीच्या उजेडात मला त्यांचे डोळे दिसले.

नऊच्या सुमारास गवत हलले आणि बंड्या आला. त्याच्या तोंडात एक जिवंत कोंबडी होती.

मी धावलो, तसा तो मागे सरला आणि गुरगुरला. म्हाताऱ्या बाबांनी माझा हात धरला. "घाई नको. खाली बसा. त्याच्याकडं बघू नका." मी बसलो, तोंड फिरवले. एक मिनिट गेले असेल नसेल, बंड्या पुढे आला, स्वेटर हुंगला आणि कोंबडी माझ्या मांडीवर ठेवली. बाबांनी तिचे पंख उचकून उजेडात पाहिले. "दात लागला नाही कुठं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच बंड्याकडे आदराने पाहू लागले. कोंबडी त्यांच्याच घरची होती. दुसऱ्या दिवशी तिने अंडे घातले, असा निरोपही आला.

त्या रात्री मला कळले की तांबड्या शाईच्या खाली अजून काही शिल्लक आहे. दात न लावता पक्षी उचलून आणणे, यालाच शिकारी लोक 'मऊ तोंड' म्हणतात, आणि हा गुण दिवाणखान्यात कोणी शिकवलेला नव्हता. सौ.नी मुदत एका वर्षाने वाढवून दिली.

नाशिकला परतल्यावर मी पुस्तके धुंडाळली. स्पॅनियलचे खरे काम काय, हे आपल्याकडच्या कुत्र्यांशी ताडून पाहिले की चटकन ध्यानात येते. आपला दख्खनचा कारवान कुत्रा डोळ्याने शिकार करतो. ससा दिसला की वाऱ्यासारखा सुटतो, मालक मागे राहिला तरी त्याचे अडत नाही. स्पॅनियल चालतो नाकाने, आणि बंदूकवाल्यापासून वीस-पंचवीस पावलांच्या आत. झुडपांतून नागमोडी हिंडायचे, दडलेला पक्षी उठवायचा, पक्षी उठताच जागच्या जागी बसायचे, बार झाला की पक्षी कोठे पडला ते लक्षात ठेवायचे, आणि हुकूम झाल्यावरच जाऊन तो मालकाच्या हातात आणून द्यायचा. कॉकर हे नावच मुळी वुडकॉक नावाच्या, ओल्या मातीत चोच खुपसणाऱ्या पक्ष्यावरून पडले. विलायतेत पूर्वी एकाच वेतातल्या पिल्लांपैकी पंचवीस पौंडांच्या आतले ते कॉकर आणि त्यावरचे ते स्प्रिंगर, अशी सरळ वाटणी होती. पुढे प्रदर्शने आली. एच. एस. लॉइड नावाच्या गृहस्थांच्या कॉकरांनी १९३० ते १९५० या काळात 'क्रफ्ट्स'च्या प्रदर्शनात सर्वश्रेष्ठ कुत्र्याचा मान सहा वेळा मिळवला. मग कोणाला चिखलात उतरायची हौस राहणार? कान लांबले, केस दाट झाले, आणि हळूहळू घराण्याच्या दोन शाखा झाल्या. एक गालिच्यावरची, दुसरी रानातली. तरी तिकडच्या केनेल क्लबाने एक बरे केले आहे. बंदुकीच्या कुत्र्याने नुसती प्रदर्शने जिंकली तर त्याला 'शो चॅम्पियन' म्हणतात. बिनविशेषणाचा 'चॅम्पियन' व्हायचे तर रानात काम करून दाखवावे लागते. हे वाचून मी बंड्याचा कागद पुन्हा काढला. तांबड्या शाईचा रंग मला थोडा फिका वाटला.

आता वाचक विचारतील, बंदूक कोठे आहे? नाही, आणि नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार बंद झाली, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत नुसते मारणेच नव्हे, तर वन्य प्राण्याला पळवणे, हाकणे हेही शिकारीतच मोडते. तित्तर-लावे जमिनीवर अंडी घालतात. मोकळा कुत्रा त्या गवतात सोडणे म्हणजे घरटी तुडवणे. नांदूर मधमेश्वरसारख्या अभयारण्यात तर कुत्रा नेण्याचा विचारही मनात आणू नये. तेव्हा आमचे सगळे शिक्षण खोट्या पक्ष्यावर झाले. विलायतेत कॅनव्हासची गुंडाळी मिळते, पिल्लाला अर्ध्या पौंडाची, मोठ्याला एका पौंडाची. आमची सौ.नी जुन्या पँटच्या पायाची शिवली, आत लाकडाचा भुसा भरला. पुढे तिला खाटिकाकडच्या कोंबडीची पिसे बांधली. या वस्तूला घरात 'पक्षी' हेच नाव पडले.

सुरुवात कोठून करावी? मी केली ती चुकीच्या टोकाकडून. पहिल्याच दिवशी मैदानावर जाऊन 'पक्षी' लांब फेकला. बंड्या धावला, उचलला आणि मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. मी त्याच्यामागे तीन फेऱ्या मारल्या. त्याच्या मते हा खेळ फारच छान होता. दुसऱ्या दिवशी शहाणा होऊन मी आमच्या घरातल्या बोळात गेलो. सगळी दारे लावली, बोळाच्या एका तोंडाशी मी बसलो आणि 'पक्षी' आत टाकला. आता उचलून येणार कोठे? माझ्याकडेच. आला की 'पक्ष्या'ला हात लावायचा नाही. आधी छाती खाजवायची, कौतुक करायचे, आणि तो आपणहून तोंड सैल करील तेव्हा हातात घ्यायचा. हिसकावणे हे सगळ्या रोगाचे मूळ. चप्पल पळवल्यावर आम्ही चौघे ओरडत मागे लागत होतो, तोंडात बोटे घालत होतो. मग तो सोफ्याखाली लपणार नाही तर काय करणार? हे समजायला मला दोन वर्षे आणि एक कोंबडी लागली. आता तो काहीही घेऊन आला तरी शाबासकी आणि बदल्यात भाकरीचा तुकडा, असा नियम घरात केला. दोन महिन्यांत गुरगुर थांबली. पण एक सांगून ठेवतो. तुमचा कुत्रा चावण्यापर्यंत गेला असेल तर पुस्तक मिटून जाणत्या माणसाकडे जा, आणि तोवर मुलांना त्याच्या वाटेत येऊ देऊ नका.

दिवसाला तीन किंवा चार फेका, अधिक नाही. पाचव्या वेळी त्याचा उत्साह टिकतो, सहाव्या वेळी कंटाळा शिरतो, आणि प्रदर्शनाच्या घराण्यातल्या कुत्र्याला हा कंटाळा लवकर येतो. त्याला आणखी हवे असतानाच थांबायचे. पहिल्या दिवसापासून दुसरेही एक धरून ठेवावे, ते म्हणजे प्रत्येक पडलेली वस्तू त्याची नव्हे. चारांपैकी दोन वेळा त्याला बसवून मी स्वतः जाऊन 'पक्षी' उचलीत असे. तो इतका दुःखी चेहरा करी की समोरच्या आजी मला 'मुक्या जिवाचा छळ' म्हणून बोलल्या.

बसण्याचा हुकूम 'हप'. जुन्या स्पॅनियलवाल्यांचा तो शब्द आहे. त्यानंतर शिट्टी. बंदुकीच्या कुत्र्यांसाठी बर्मिंगहॅमच्या 'अॅक्मे'ची २१०½ नंबरची शिट्टी पुष्कळ जण वापरतात. शिट्टीचा गुण असा की ती रागावत नाही. माझी हाक घाबरली की घाबरट येते, चिडलो की चिडकी. शिट्टी दर वेळी तीच. दोन-तीन लहान फुंका म्हणजे ये, एक लांब फुंक म्हणजे असशील तेथे बस. पहिले जेवणाच्या ताटलीवर शिकवले. लहान फुंका, ताटली खाली. पंधरा दिवसांत तो झोपेतूनही धावत येई. बसण्याची शिट्टी मात्र चार महिने खात होती. आधी पट्ट्यात दोन पावलांवर, मग लांब दोरीवर, मग चालता चालता, मग 'पक्षी' हवेत असताना. न बसला तर मारायचे नाही. जाऊन उचलायचे, जेथे बसायला हवे होते तेथे आणून बसवायचे. कर्नल हचिन्सन नावाच्या अधिकाऱ्याने १८४८ साली या विषयावर पुस्तक लिहिले, त्या काळी या शिक्षणाला इंग्रजीत कुत्रा 'मोडणे' म्हणत. आपल्याकडे बैलाला वळण लावतात, तो शब्द मला अधिक बरा वाटतो.

नाकाचे शिक्षण सगळ्यांत मौजेचे. कॉलेजच्या पटांगणाच्या कडेच्या गवतात कन्या आधी जाऊन चेंडू लपवी. मग वारा तोंडावर घेऊन मी सरळ चालायचे, आणि बंड्याने माझ्या पुढे डावीकडून उजवीकडे फिरायचे. तो लांब जाऊ लागला की मी उलट दिशेला वळे. चेंडू नेहमी माझ्या जवळपासच सापडतो, असे त्याच्या ध्यानात आले, आणि मग तो आपणहून वीस पावलांच्या आत राहू लागला. फसवणूकच ही, पण निरुपद्रवी. पंधरा मिनिटांनंतर तो दमून बसे. कामकरी शाखेचा कुत्रा दिवसभर धावतो म्हणतात. आमच्या गालिचेवाल्याने ती बरोबरी कधी केली नाही.

बाराच्या बाबतीत मी घाई केली नाही, कारण फटाक्यांचे भय त्याच्या मनात आधीच बसलेले. पुष्कळांना वाटते की कानाशी चार फटाके वाजवले की भीती मोडते. मोडत नाही, मुरते. आम्ही तो जेवत असताना स्वयंपाकघरात ताटलीवर चमचा हलकेच वाजवायचो. त्याने मान वर केली की आणखी हलके. महिन्यामहिन्याने आवाज वाढवला. आज टाळी, दाराचा धडाका, दूरचा बार एवढे त्याला चालते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मात्र तो आजही आतल्या खोलीत, खिडक्या लावून, रेडिओ चालू ठेवून, कन्येच्या मांडीवर असतो. त्यात कमीपणा मानू नये.

आणि ते रेशमी केस! पावसाळा सरला की आपल्याकडचे गवत कुसळे धरते. ते कुसळ केसांत शिरते, केसांतून कातडीत, बोटांच्या बेचक्यांत, कानात. आणि भाल्याच्या टोकासारखे पुढेच सरकते, मागे येत नाही. एकदा बंड्या तीन दिवस मान वाकडी करून हिंडला, तेव्हा पशुवैद्यांनी कानातून ते काढले. त्या दिवशी मी कात्री घेतली आणि कानांखालचे, पायांचे, पोटाखालचे केस भादरून टाकले. प्रदर्शनवाल्या एका परिचितांनी पाहिले तेव्हा त्यांना घेरी यायची राहिली. रोज फिरून आल्यावर बोटाबोटांत पाहणे, गोचीड काढणे, कान कोरडे करणे, हे 'पक्षी' फेकण्यापेक्षा महत्त्वाचे. गोचिडांपासून ताप येतो आणि तो जिवावर बेततो. भातखाचराच्या साचल्या पाण्यात उंदरांच्या मुताने पसरणाऱ्या रोगाची आणि पिसाळण्यावरची, अशा दोन्ही लसी वेळच्या वेळी टोचलेल्या असाव्यात. उन्हाळ्यात शाळा सूर्योदयाला भरवावी आणि ऊन चढायच्या आत सोडावी.

वर्ष सरले. वजन चौदा किलोंवर आले होते. गेल्या दिवाळीत आम्ही पुन्हा वाघबारसेला सुरगाण्यात होतो.

या वेळी पट्टा सोडायचा की नाही यावर घरात वाद झाला. मास्तर म्हणाले, "भावोजी, याच आठवड्यात पलीकडच्या वाडीत दोन शेळ्या गेल्या आहेत." ठरले असे की दिवसाउजेडी, घराजवळच्या कापलेल्या खाचरातच, आणि लांब दोरी लावून. दुपारी चारला आम्ही निघालो. बाबाही बांधावर येऊन बसले. बंड्या झकास काम करीत होता. दोन 'पक्षी' शोधून हातात दिले. तिसऱ्याला दोरीची गाठ सुटली. मला कळले ते दोरी हातात हलकी लागली तेव्हा. आणि त्याच क्षणी खाचराच्या कडेला, त्याच्या नाकासमोरून, फडफड करीत एक खराखुरा तित्तर उठला आणि ओहोळाच्या दिशेने गेला.

बंड्याने झेप घेतली. ओहोळापलीकडे तेच गेल्या वर्षीचे गवत. माझ्या तोंडात शिट्टी होती, पण फुंकायला श्वास सापडेना. मग कशी कोण जाणे, एक लांब फुंक गेली.

तो बसला. मागचे पाय ओहोळाच्या काठावर, अंग पानासारखे थरथरत, डोळे पक्षी गेला त्या दिशेला, पण बसला. मी त्याच्याकडे चालत गेलो. पळत जायचे नाही हे वर्षभर घोकले होते, तरी ती चाळीस पावले फार लांब वाटली. पट्टा अडकवला आणि त्याच्याशेजारी मीही बसलो, कारण माझेही पाय थरथरत होते. दोन फुंका मारून त्याला जवळ बोलवायचे होते, पुस्तकात तसे आहे, ते राहिलेच.

बांधावरून बाबांनी विचारले, "हा आता कोंबडी नाही उचलायचा तर?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि घरी जाऊन कोंबड्या डालग्याखाली झाकल्या.

मुदतीचा विषय सौ.नी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. आता आमची अडचण निराळी आहे. आणून दिले की शाबासकी मिळते हे बंड्याने पक्के धरले आहे, आणि इमारतीत दारे उघडी असतात. रोज संध्याकाळी सौ. एक पिशवी घेऊन तिन्ही मजले फिरतात नि ज्याची वस्तू त्याला देऊन येतात. मोजे, वर्तमानपत्रे, कोणाचा पंचा, एकदा शेगडीवरची सांडशी. परवा समोरच्या आजींच्या कवळीची डबी आली. झाकण जसेच्या तसे लागलेले होते.